‘हे आले’ आणि आवाज गेला : घरच्या इंटरनेटच्या एका दुखण्याचा माग

ताईचा पहिला फोन आला तेव्हा ती म्हणाली, “अरे, मुलं म्हणतात मॅडम तुमचा आवाज तुटतोय. मला मात्र त्यांचं सगळं नीट ऐकू येतंय. काय भानगड आहे बघ ना जरा.”

निदान याच तीन वाक्यांत होतं. मला ते दिसायला अडीच आठवडे लागले. नेटवर्कचं काम हा माझा रोजचा धंदा, तरीही. म्हणून हे प्रकरण जसं घडलं तसं, माझ्या चुकांसकट लिहून काढतोय.

ताई घरून ऑनलाइन गणित शिकवते. वेळ संध्याकाळी सात ते साडेआठ. घरात ती, भावोजी आणि भाची. कनेक्शन फायबरचं, खाली यायला २०० एमबीपीएस आणि वर जायला २०. (जाहिरातीत २०० ठळक असतो, २० शोधावा लागतो.) बाहेरच्या खोलीत भिंतीवर फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी. त्याला जोडलेला राउटर. राउटरपासून भिंतीतून आतल्या खोलीत गेलेली लॅन केबल आणि तिच्या टोकाला ताईचा कॉम्प्युटर. बाकी सगळे वाय-फायवर.

दुखणं असं, की काही संध्याकाळी वर्ग सुरू झाल्यावर थोड्या वेळानं ताईचा आवाज तुटायला लागायचा, फळ्याचं चित्र मुलांकडे गोठायचं. वीस-तीस मिनिटं हा गोंधळ, मग जणू काही झालंच नव्हतं. काही संध्याकाळी काहीच नाही. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला होता, दोन्ही वेळा सकाळी अकराच्या सुमारास. मोबाइलवर स्पीड टेस्ट लावली, १९० आले, “मॅडम, स्पीड फुल आहे.” दुसऱ्या खेपेला त्यानं राउटरही बदलून दिला. त्याला मी नावं ठेवणार नाही. त्याला जो आकडा तपासायला पाठवलं होतं तो त्यानं तपासला, आणि तो आकडा खरोखरच बरोबर होता.

ओळखीचा ९४

शनिवारी गेलो. ताईच्या कॉम्प्युटरवर स्पीड टेस्ट लावली : ९४. परत लावली : ९४. तिसऱ्यांदा ९३.८.

२०० च्या कनेक्शनवर ९४ दिसले की आमच्या धंद्यातला माणूस खुर्चीत सावरून बसतो. वाय-फायचा आकडा नाचतो, गर्दीच्या लाइनचा आकडाही वरखाली होतो. पण तीनदा मोजून ९४ च्या आसपास खिळून राहिलेला आकडा म्हणजे वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा इथरनेट दुवा आहे. डेटा पॅकेट नावाच्या छोट्या तुकड्यांत जातो; १०० मधले पाच-सहा या पॅकेटच्या वेष्टनात, म्हणजे पत्ते, हेडर यांत जातात आणि हातात ९४ उरतात. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये पाहिलं तर लिंक स्पीड खरंच १००. राउटर आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे एक गिगाबिटचे, म्हणजे १,००० एमबीपीएसचे, पोर्ट असताना.

असं का होतं? लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला त्यांतल्या दोनच लागतात, पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांपैकी एक जरी तुटली, तरी दोन्ही टोकांची यंत्रं बोलाचाली करून निमूट १०० वर उतरतात. कुठे लाल दिवा नाही, सूचना नाही. केबल चालू राहते, अर्धवट.

राउटरकडचा प्लग उजेडात धरला. पारदर्शक प्लास्टिकमधून आठही तारा दिसतात. सात तारा प्लगच्या टोकापर्यंत गेलेल्या, आठवी तपकिरी मात्र दोनेक मिलिमीटर अलीकडेच थांबलेली. तिच्यावरचं पितळी पातं खाली दाबलं गेलेलं, पण त्याच्याखाली तार नव्हती. क्रिंप करणाऱ्यानं तारा सारख्या कापल्या नव्हत्या, एवढंच. प्लग कापला, तारा सरळ करून एका रेषेत छाटल्या, नवा प्लग दाबला. लिंक स्पीड १०००, स्पीड टेस्ट १९२. मी विजयी मुद्रेनं उठलो. ताई म्हणाली, “एवढंच होतं?” मी म्हणालो, “एवढंच.”

सोमवार, मंगळवार वर्ग झकास झाले. बुधवारी सव्वासातला तिचा मेसेज : “परत.”

आता मागे वळून पाहताना राग येतो तो स्वतःचा. व्हिडिओ कॉलला लागतात तीन, फार तर चार एमबीपीएस. ९४ च्या रस्त्यावर तीनची गाडी कशी अडेल? दोष खराच होता, दुरुस्तीही खरीच होती, पण तक्रारीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. हातात एक दोष सापडला की तोच गुन्हेगार असं वाटायला लागतं, कारण तो सापडलेला असतो.

एका रात्रीत दोन बदल

बुधवारी रात्री दुसरी चूक केली. ताई वैतागलेली, तिच्यासमोर काहीतरी केल्यासारखं दिसावं म्हणून मी दुरूनच राउटरमध्ये शिरलो आणि एका दमात दोन गोष्टी बदलल्या. डीएनएस बदलून गूगलचा ८.८.८.८ केला आणि वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्‌झचा चॅनल ‘ऑटो’वरून ११ वर नेला.

दोन्ही बदल या दुखण्यासाठी निरर्थक होते. डीएनएसचं काम नावाचा पत्ता शोधून देण्याचं. कॉल एकदा जोडला गेला की त्याचं काम संपलं. चाललेला कॉल मध्येच तुटतो त्यात डीएनएसचा हात नसतो. डीएनएस आजारी असेल तर लक्षण वेगळं दिसतं : पान उघडायला दोन-चार सेकंद काहीच होत नाही, मग सगळं झपकन येतं. आणि वाय-फायचं म्हणाल तर ताईचा कॉम्प्युटर केबलवर होता. तिच्या वर्गाला चॅनल ६ काय आणि ११ काय.

तरी गुरुवार आणि शुक्रवार वर्ग सुरळीत झाले. ताईनं “डीएनएसनं जमलं बहुतेक” असं भाचीला सांगितलंसुद्धा. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. फरक इतकाच की इथे कावळा मी होतो आणि फांदी मोडल्याचं श्रेयही घेऊन बसलो होतो. सोमवारी आवाज पुन्हा गेला.

तेव्हा मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते काम केलं. काहीही बदलायचं नाही, फक्त मोजायचं. ताईला एक वही करायला सांगितली, तीन रकान्यांची : वेळ, काय झालं, आणि त्या वेळी घरात काय चाललं होतं. तिसऱ्या रकान्याचा आग्रह मी नेहमी धरतो. लोक ‘नेट स्लो’ एवढंच लिहितात, आणि त्यातून काही म्हणता काही निघत नाही.

वहीच्या जोडीला तिच्या कॉम्प्युटरवर दोन पिंग लावून ठेवले, दर सेकंदाला एक, वेळेच्या नोंदीसह फाइलमध्ये. एक राउटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला. दुसरा बाहेर, ८.८.८.८ ला. पिंग हे जुनं हत्यार, माइक मूस यांनी १९८३ मध्ये लिहिलेलं. आवाज दिला, प्रतिध्वनी कधी आला ते मोजलं. एकट्या पिंगनं फारसं कळत नाही, दोन एकदम लावले की कळतं. दोन्ही बिघडले तर दुखणं घरात, राउटरच्या अलीकडे. राउटरचा ठणठणीत आणि बाहेरचाच बिघडला तर दुखणं राउटरच्या पलीकडे.

शुक्रवारची फाइल

शुक्रवारी ते सापडलं. संध्याकाळी सात वाजता राउटरचा पिंग १ मिलिसेकंदाच्या आत, बाहेरचा ९, १०, ९, ११. ७.१० पर्यंत हेच. मग बाहेरचा रकाना असा चालला : १०, ४६, १३०, २८८, ४१०, ५३५, ५२०, ५४८, उत्तर नाही, ५१७, ५५१. राउटरचा मात्र १, १, १. ७.३८ ला बाहेरचा ५२६ वरून एका सेकंदात १२ आणि मग रात्रभर दहाच्या आसपास.

म्हणजे दुखणं राउटरच्या पलीकडे. मी लगेच कंपनीकडे बोट वळवलं. तशी दोन कारणं समोर होती. एक, फायबरमधला प्रकाश कमी पडत असेल : कुठे केबल फार वाकली असेल, कनेक्टरवर धूळ असेल. ओएनटीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी दिसते. ताईकडे ती उणे २१ डीबीएम होती. (डीबीएम हे सिग्नलच्या जोराचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार.) जीपॉन या घरोघरी फायबर पोचवण्याच्या पद्धतीतल्या नेहमीच्या ओएनटीला उणे ८ ते उणे २७ च्या दरम्यान चालतं. शिवाय दुखणं चालू असताना आणि नसताना दोन्ही वेळा ती उणे २१ च होती. प्रकाश निर्दोष सुटला. दुसरं कारण, गर्दी. जीपॉनमध्ये एका मूळ फायबरवर काचेच्या स्प्लिटरनं बरीच घरं लावलेली असतात, आणि खाली येणारे सुमारे २.५ गिगाबिट आणि वर जाणारे १.२५ गिगाबिट त्या सगळ्यांत वाटले जातात. संध्याकाळी सातला सगळे घरी, सगळ्यांचे पडदे चालू. पटण्यासारखं होतं.

दुखणं चालू असताना ताईला ट्रेसरूट, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक टप्प्यापर्यंत किती वेळ लागतो ते दाखवणारी आज्ञा, चालवायला सांगितलं होतं. त्यात पहिला टप्पा राउटर, १ मिलिसेकंद. दुसरा टप्पा कंपनीचं यंत्र, ५१२ मिलिसेकंद. पुढचे सगळे त्याच्या आसपास. पुरावा हातात आला असं समजून मी तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं. ‘आपल्या पहिल्याच टप्प्यावर अर्ध्या सेकंदाचा विलंब’ वगैरे.

ते पाठवलं नाही, कारण एका गोष्टीनं अडखळलो. गर्दी असती तर आलेख असा दिसला नसता. गर्दी हळूहळू चढते, रात्री उशिरा हळूहळू उतरते, वेडीवाकडी असते. इथे ७.१० ला जिना चढल्यासारखी चढण, मग अठ्ठावीस मिनिटं जवळपास सपाट माथा, आणि ७.३८ ला कडेलोट. अख्खी वस्ती ७.३८ ला एकदम इंटरनेट बंद करत नाही. हे एखाद्या कामाचं रूप होतं. सुरू झालं, चाललं, संपलं.

मग वही मागवली. तिनं फोटो काढून पाठवला.

“सोम – ७.०५ हे आले. ७.१२ आवाज तुटला. ७.४० ठीक.
मंगळ – काही नाही. हे उशिरा.
बुध – ७.०० हे आले. काही नाही.
गुरू – ७.२० आवाज गेला, ७.३० ठीक. हे आले नव्हते. हिचं शाळेचं काय ते चालू होतं.
शुक्र – ७.०५ हे आले. ७.१० पासून परत. ७.३८ ठीक.”

सोमवारची नोंद तिनं मला सोमवारीच वाचून दाखवली होती. मी ‘७.१२’ आणि ‘७.४०’ टिपून घेतलं आणि ‘हे आले’ सोडून दिलं. बायकोनं नवऱ्याच्या येण्याची केलेली नोंद ही काही तांत्रिक नोंद वाटली नाही. आग्रहानं मागितलेला तिसरा रकाना मीच वाचला नव्हता.

भावोजींचा फोन

भावोजी बांधकामाच्या साइटवर असतात. कामाचे व्हिडिओ काढतात, स्लॅबचे, सळयांचे, कुणी काय चुकवलं त्याचे. घरी येतात, हातपाय धुतात, फोन चार्जरला लावतात. त्यांच्या फोनमध्ये फोटो-व्हिडिओंचा बॅकअप ‘फक्त वाय-फायवर आणि चार्जिंगला असताना’ असा लावलेला. येण्यात आणि आवाज जाण्यात पाच-सात मिनिटांचं अंतर का, ते इथे कळलं. बुधवारी ते दिवसभर ऑफिसात बैठकीला होते, व्हिडिओ काढलाच नव्हता, म्हणून वेळेवर घरी येऊनही काही झालं नाही. गुरुवारी ते नव्हते, पण भाचीनं शाळेच्या प्रकल्पाचा व्हिडिओ वर चढवला होता. गुरुवारची ही नोंद मला सगळ्यात मोलाची वाटते. ती नसती तर मी भावोजींच्या फोनलाच रोगी ठरवलं असतं. दोघांत समान काय? दोघंही काहीतरी वर पाठवत होते. आणि पहिल्या आठवड्यातली ती केबलनंतरची झकास सोमवार-मंगळवार जोडी? भावोजी बाहेरगावी होते.

हिशेब करून पाहिला. शुक्रवारी ७.१० ते ७.३८, म्हणजे २८ मिनिटं, १,६८० सेकंद. वर जाण्याचा वेग २०, प्रत्यक्षात १९.६ मिळतो असं धरलं तर सुमारे ३२,९०० मेगाबिट, भागिले आठ, म्हणजे ४.१ जीबी. भावोजींना फोन केला : शुक्रवारी काढलेल्या व्हिडिओंचा एकूण आकार किती? त्यांनी बघून सांगितलं, “चारच्या जरा वर आहे, जीबी.” मी खुर्चीतच हसलो. ते म्हणाले, “म्हणजे आता मी वर्ग संपेपर्यंत घरी यायचंच नाही का?”

आता ताईचं पहिलं वाक्य आठवा. मुलांना तिचा आवाज तुटतो, तिला मुलांचा नीट येतो. तिचा आवाज वर जातो, मुलांचा खाली येतो. वरची वाट तुंबलेली होती आणि खालची मोकळी. तिनं ते पहिल्या फोनवर सांगितलं होतं. मी ‘कोणाला ऐकू येत नाही?’ हा एक प्रश्नही पुढे विचारला नव्हता.

पण चार एमबीपीएसचा कॉल का मरावा?

इथे थोडं थांबायला हवं, कारण ‘दुसरं कोणीतरी लाइन वापरत होतं’ एवढ्यानं उलगडा होत नाही. वीसची वाट दोघांत वाटली तर ताईच्या वाट्याला तिचे चार सहज यायला हवेत. बॅकअपला सोळा मिळाले असते तर कुणाचं काय बिघडलं असतं?

गोम रांगेत आहे. घरातून निघालेली पॅकेटं राउटर ते ओएनटी गिगाबिटच्या वेगानं पळतात आणि ओएनटीपाशी २० च्या दरवाजात अडतात. तिथे मेमरी असते, पॅकेटं तिच्यात ओळीनं उभी राहतात. फाइल पाठवणारा टीसीपी, म्हणजे पॅकेटांची ने-आण सांभाळणारी पद्धत, स्वभावानं हावरा आहे. पॅकेट हरवलं तरच त्याला कळतं की वाट भरली आणि तो हात आखडतो, तोवर वेग वाढवत राहतो. मेमरी स्वस्त झाली तशी यंत्रं बनवणाऱ्यांनी ती सढळ हातानं घातली, एकही पॅकेट वाया जाऊ नये म्हणून. परिणाम असा की पॅकेट हरवतच नाही, टीसीपीला इशारा मिळतच नाही आणि रांग शेवटपर्यंत भरते. सव्वा एमबीची रांग म्हणजे १० मेगाबिट, २० च्या वेगानं ती रिकामी व्हायला अर्धा सेकंद. पिंगमधले ५०० मिलिसेकंद ते हेच. ताईचं दर पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभं राहतं आणि अर्ध्या सेकंदानं निघतं. रांग ओसंडली की त्यात तिचीही पॅकेटं पडतात. वाट्याला वेग येतो, पण वेळेवर येत नाही, आणि आवाजाला नेमकी वेळ लागते, वेग नाही.

याला बफरब्लोट म्हणतात. हे नाव रूढ केलं जिम गेटिस यांनी, २०१० च्या सुमारास. तेही आपल्या घरच्याच कनेक्शनवरून मोठ्या फायली वर पाठवताना हैराण झाले होते. एक्स विंडो सिस्टिमच्या, म्हणजे युनिक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या प्रणालीच्या, मूळ कर्त्यांपैकी हा माणूस, तोही घरच्या राउटरशी झगडत बसला होता, हे वाचून मला बराच दिलासा मिळाला.

स्पीड टेस्टला हे का दिसत नाही तेही यातच आलं. ती पिंग मोजते तेव्हा लाइन रिकामी असते, मग खालचा वेग, मग वरचा वेग. वाट भरलेली असताना विलंब किती, हा प्रश्न जुन्या टेस्ट विचारतच नव्हत्या. आता काही टेस्ट ‘लोडेड लेटन्सी’ असा वेगळा आकडा दाखवतात, पण तो कोपऱ्यात बारीक असतो. मॅकवर २०२१ च्या मॉन्टेरेपासून ‘नेटवर्कक्वालिटी’ अशी एक आज्ञाच आली आहे, ती मुद्दाम लाइन भरून मोजते.

रोग मुद्दाम आणून पाहिला

रविवारी दुपारी गेलो. आधीच्या दोन फजित्यांनंतर यावेळी नुसत्या तर्कावर जायचं नव्हतं. भावोजींच्या फोनवरून एक जीबीची फाइल वर चढवायला लावली, शेजारी पिंग चालू. १० वरून पाच-सहा सेकंदांत ५४० वर. राउटरच्या पानावर वर जाणारा वेग १९.६ ला चिकटलेला. फाइल थांबवली, दोन सेकंदांत पिंग ११. परत सुरू, परत ५३०. तीनदा केलं. तिसऱ्या वेळी भाचीला बाजूच्या खोलीतून ताईच्या वर्गात शिरायला सांगितलं, तिच्या मोबाइलच्या डेटावर. ताई “तीन पायथागोरसची उदाहरणं” एवढंच म्हणाली आणि भाचीला ऐकू आलं “ती… गोर… रणं.” हवा तेव्हा आणता येतो आणि हवा तेव्हा घालवता येतो, असा दोष सापडला की मग खुशाल दुरुस्तीला हात घालावा.

सोपा उपाय : बॅकअप रात्री करा. भावोजींच्या फोनमध्ये वेळ ठरवण्याची सोयच नव्हती. आठवणीनं बंद-चालू करणं चार दिवस चालतं, पाचव्या दिवशी विसरतं. शिवाय भाचीचं काय, उद्या आणखी कुणी पाहुणा फोन जोडेल त्याचं काय.

दुसरा उपाय राउटरमध्येच होता, क्यूओएस, म्हणजे कुणाची पॅकेटं आधी सोडायची ते ठरवण्याची सोय. ताईचा कॉम्प्युटर सर्वात वर, ‘उच्च प्राधान्य’. लावलं, फाइल चढवली, पिंग ५३५. काडीचा फरक नाही. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण अनेक घरांत हे बटण दाबून लोक निराश होतात. प्राधान्य लावायला रांग लागते, आणि राउटरपाशी रांगच नव्हती. तो गिगाबिटनं पुढे ढकलून मोकळा होत होता. रांग पुढे ओएनटीत, जिथे आपला हुकूम चालत नाही. दारावर कितीही कडक पहारेकरी ठेवा, गर्दी पुढच्या चौकात असेल तर तो काय करणार?

म्हणजे आधी रांग आपल्या दारात आणायला हवी. त्याची युक्ती अशी : राउटरनंच वर पाठवायचा वेग खऱ्या वेगापेक्षा जरा कमी ठेवायचा. १९.६ ऐवजी १८. मग ओएनटीत कधी तुंबतच नाही, जे काही साचतं ते राउटरमध्ये. आणि राउटरमध्ये रांग शहाणपणानं चालवता येते. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही पद्धत मांडली. ती रांगेची लांबी पाहत नाही, पॅकेट रांगेत किती वेळ उभं राहिलं ते पाहते, आणि वेळ जास्त झाला की एखादं पॅकेट मुद्दाम टाकून पाठवणाऱ्याला इशारा देते. तिच्यावर बेतलेली एफक्यू-कोडेल (२०१८ मध्ये आरएफसी ८२९० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात नोंदली गेली) प्रत्येक प्रवाहाला वेगळी ओळ देते, त्यामुळे भावोजींचे चार जीबी त्यांच्या ओळीत उभे राहतात आणि ताईचं बारकं पॅकेट बाजूनं निघून जातं. कुणाला उच्च, कुणाला नीच ठरवावं लागत नाही.

कंपनीनं दिलेल्या राउटरमध्ये हे नव्हतं. माझ्याकडे एक जुना राउटर पडून होता, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची खुली प्रणाली घातलेली. त्यात एसक्यूएम नावाचं रांग सांभाळणारं पॅकेज टाकलं, वर जाण्याचा वेग १८,००० किलोबिट, पद्धत ‘केक’, म्हणजे त्याच कुळातली पुढची पिढी. खाली येण्याच्या बाजूला शून्य लिहिलं, म्हणजे त्या बाजूला हात लावायचा नाही. जुन्या राउटरच्या प्रोसेसरला २०० एमबीपीएसचं हे काम झेपलं नसतं, खालचा वेगच पडला असता.

तीच एक जीबीची फाइल चढवली. पिंग १०, १४, १९, १६, २१, १५. फाइल संपेपर्यंत २२ च्या वर गेला नाही. भाचीनं बाजूच्या खोलीतून ओरडून सांगितलं, “पायथागोरस पूर्ण ऐकू आला!”

किंमत काय मोजली? भावोजींच्या चार जीबींना २८ ऐवजी साडेतीस मिनिटं लागतात. स्पीड टेस्टमध्ये वरचा आकडा २० च्या जवळ होता, आता साडेसतरा दिसतो. हे ताईला आधीच सांगून ठेवलं, नाहीतर पुढचा कुणी तंत्रज्ञ येऊन म्हणाला असता, “मॅडम, तुमचा अपलोड कमी येतोय, राउटर बदलू का?”

या सगळ्यात भाचीची एक तक्रार राहून गेली होती, तिच्या खोलीत वाय-फाय मेल्यासारखं. ती वेगळीच भानगड होती. राउटर लोखंडी कपाटाच्या मागे ठेवलेला. काढून कपाटावर ठेवला, तिच्या लॅपटॉपवर सिग्नल उणे ७८ वरून उणे ६२ डीबीएमवर आला. दहा मिनिटांचं काम. अशी दोन-तीन दुखणी एकाच घरात एकाच वेळी नांदतात आणि सगळ्यांना घरचे लोक ‘नेट’ या एकाच नावानं हाक मारतात.

पिंगची फाइल आणखी दोन आठवडे चालू ठेवली. भावोजी रोज सातच्या सुमारास आले, चार वेळा मोठा बॅकअप झाला, बाहेरचा पिंग एकदाही ३० ओलांडून टिकला नाही. एका मंगळवारी अकरा मिनिटं काहीच उत्तर नव्हतं, पण त्या वेळी ओएनटीवर ‘लॉस’चा, म्हणजे सिग्नलच येत नसल्याचा, लाल दिवा होता. लाइन खरोखरच तुटली होती, कंपनीनं जोडली. खालच्या बाजूचं काम बाकी आहे. भाची मोठा गेम उतरवते तेव्हा पिंग ७० पर्यंत जातो. वर्गाला त्याचा त्रास होत नाही, म्हणून ताईनं तक्रार केलेली नाही आणि मीही हात लावलेला नाही. जरा दमदार प्रोसेसरचा राउटर मिळाला की त्या शून्याच्या जागी १८०,००० लिहीन.